पिवळ्या स्वेटरची दुसरी बाही

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात कावळे उडत नाहीत, पायी चालतात. पंख पसरले की पेटतात म्हणून. गडचांदूरच्या बसस्टँडवर एका कावळ्यानं ऑटो थांबवलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. अशा मुलखात माझ्या बायकोनं जन्मभर लोकरीचे स्वेटर विणले, तेही मशीनवर, आणि तेही तान्ह्या लेकरांचे. ऐकणारे हसतात. पौषातली जिवतीच्या डोंगरावरची पहाट ज्यांनी पाहिली नाही त्यांनी खुशाल हसावं. तिथं थंडी अशी पडते की शेकोटीचा जाळ गोठतो, आणि माणसं तो तोडून, फडक्यात बांधून घरी नेतात.

हे मी घरात बोललो असतो तर मशीन थांबलं नसतं, पण मशीनमागून आवाज आला असता, "अर्धं करा."

"बरं, जाळ नाई गोठत. धूर गोठते."

"आणखी अर्धं."

"थंडी पडते."

"हां. आता बोला."

असा आमचा संसार होता. मी दुप्पट सांगायचो, ती अर्धं करायची, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांना जे ऐकू जायचं ते बरोब्बर खरं असायचं.

मी खाणीत डंपर चालवायचो. चुनखडीचा दगड भरायचा, नेऊन ओतायचा, रिकामं परत यायचं. आमच्या गावात धूळ पांढरी. नवी म्हैस आणली की दिवाळीपर्यंत ती गाईसारखी दिसायला लागते आणि लोक चुकून तिच्या पाया पडतात. त्या धुळीपासून वाचवायला बायको मशीनवर प्लास्टिकचा कागद घालायची आणि कागदावर माझं जुनं धोतर. मशीन म्हणजे दिवाणाएवढी लांब पट्टी, तिच्यावर आकड्यासारख्या सुयांची रांग, आणि त्या रांगेवरून इकडून तिकडे ओढायचा एक डबा. त्या डब्याला ती गाडी म्हणायची. गाडी एकदा ओढली की एक ओळ झाली. त्याचा खर्रर्र आवाज असा की खाणीतला सुरुंग तिच्या मशीनला विचारून फुटायचा.

"माही गाडी माल घेऊन जाते न् माल घेऊनच वापस येते," ती म्हणायची. "तुमची वापस येताना रिकामी."

मी पायात बूट घालून खाणीवर निघायचो.

तिची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाही ती खांद्याकडून मनगटाकडे विणत आणायची. मनगटाशी आली की स्वेटरची लोकर तोडायची, आणि त्याच टाक्यांवर वेगळ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीच्या थोड्या ओळी ओढून बाही मशीनवरून उतरवायची. ती टाकाऊ लोकर म्हणजे उघड्या टाक्यांच्या तोंडावर ठेवलेलं झाकण. मग मांडीवर घेऊन बाहीचा काठ आत दुमडायचा, हातातल्या सुईनं एकेक टाका आतून अडकवत जायचं, आणि सगळे अडकले की मगच ते झाकण ओढून फेकायचं. याला ती बाही मिटवणं म्हणायची. हे मी आता सांगतो आहे ते मशीनच्या शाळेत पहिला आल्यासारखं. तेव्हा मला यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. ती खिडकीशी बसून बाही मिटवायची, मी समोर बसून गोष्ट सांगायचो, आणि मी बघायचो तिच्या तोंडाकडे. अर्धं करा कधी म्हणते ते बघायला. हात खाली मांडीवर काय करत असायचे, तिकडे नजर जायची नाही.

आणि दुसरं असं, की लेकरू जन्मायच्या आधी ती स्वेटर पुरा करत नसे. एक बाही अंदाजानं मिटवायची, दुसरी झाकणासकट लोंबती ठेवायची. कुणी कितीही घाई केली तरी. "पुरं झालेलं आंगडं घरात पडून असलं," ती म्हणायची, "तं कोणी ना कोणी त्याची वाट पाहाले लागते. वाट पाहणारं कोण हाये, आपल्याले थोडंच मालूम." लेकरू झालं की त्या घरचं माणूस दोरा घेऊन यायचं. लेकराच्या हाताचं माप घेऊन गाठी मारलेला दोरा. तो बघून ती दुसरी बाही मिटवायची, आणि पहिली जुळत नसेल तर ती उकलून पुन्हा करायची. पहिली उकलावी लागल्याचं मला तरी आठवत नाही. पोटाकडे बघून ती मनगट सांगायची. कोरपन्यातल्या एका बाईला तिनं पोरगं डावखुरं होईल हेही सांगितलं होतं.

अर्धं करतो. मनगटाचा अंदाज बरोबर यायचा.

आमची एकुलती मुलगी सिरोंच्याला दिलेली. गोदावरीच्या काठी, पलीकडे तेलंगणा. घरात तेलुगू, दुकानात तेलुगू, भांडण मात्र मराठीत, कारण ते तिनं सुरू केलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मधे दोनदा आशा लागली आणि गेली. यंदा दिवस राहिले आणि राहून टिकले, तेव्हा बायकोनं कच्च्या हळदीच्या रंगाची लोकर आणली आणि नेहमीच्या दुप्पट वेळ घेऊन विणली. अंग झालं, गळा झाला, एक बाही मिटवली. दुसरीला काळी लोकर लावून ठेवली. काळीच का, तर उरलेली तीच होती, आणि पिवळ्यावर काळं म्हणजे चष्म्याशिवायही टाका दिसतो. स्वेटर उशीच्या खोळीत घालून कपाटात ठेवला. मुलीला पहिल्या बाळंतपणाला दिवाळीनंतर माहेरी आणायची ठरली होती.

दिवाळीनंतर बायको गेली. दुपारी छातीत कळ आली. चंद्रपूरला नेत होतो, राजुऱ्याच्या अलीकडेच गेली. यात अर्धं करण्यासारखं काही नाही.

मुलीच्या सासूबाईंनी निरोप दिला की आई नसलेल्या माहेरी पोरीला कुणाच्या भरवशावर पाठवायचं, बाळंतपण इथंच होऊ द्या. बरोबरच होतं. माझा भरवसा मीही धरला नसता.

तेरवीपर्यंत माणसं येत राहिली. दुखवट्याच्या घरात कुणी कुणाला अडवत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी सांगितलं, तिच्या हातचा स्वेटर घातलेलं एक पोट्टं विहिरीत पडलं, पण टाके असे घट्ट की पाणी आत शिरलं नाही, पोट्टं फुग्यासारखं वर आलं. माणसं मान हलवून म्हणाली, हो ना, फार गुणी बाई होती. मी थांबलो. जिथं थांबायची सवय होती तिथं थांबलो. मशीनवर प्लास्टिकचा कागद, कागदावर धोतर. मग मी म्हणालो, दोन पोट्टे होते विहिरीत. माणसं म्हणाली, हो ना.

तसं बोलत राहिलो. त्या दिवसांत मी एवढं खोटं बोललो की खाणीत भरलं असतं तर कितीतरी डंपर लागले असते, आणि एकही शब्द कुणी परत केला नाही.

मग नात झाली. फोनवर मुलगी रडत होती की हसत होती ते सिरोंच्याच्या नेटवर्कनं कळू दिलं नाही. दोन-तीन दिवसांनी बसच्या कंडक्टरनं एक पुडी आणून दिली. पुडीत हळद लावलेला दोरा, त्याला गाठी.

"बाबा, दोरा भेटला का?" मुलीनं विचारलं.

"भेटला."

"मंग थे बाही मिटवून आणजा बारशाले. आईचाच स्वेटर घालीन मी तिले. दुसरं काई नाई घालणार."

"मिटवन कोण?"

मग म्हणाली, "तुमी पाहा न काई तरी."

ते मागणं एवढंच होतं. माझ्याकडे डंपरचं लायसन होतं, अशी गोष्ट सांगायची जीभ होती की वाघ रस्त्यात थांबून ऐकेल, आणि दोन हात होते. हातांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

माझी थोरली बहीण सावलीकडची, धानाच्या मुलखातली. तेरवीला आली ती मला जेवू घालायला म्हणून थांबलेली. तिनं खोळीतून स्वेटर काढला, उजेडात धरला, आणि तिचं तोंड उतरलं.

"भाऊ, हे काळं काऊन?"

"तिनंच लावलं बाई."

"तिनं लावलं तवा घरात सगळं ठीक होतं. आता मयत झालेल्या घरातून काळं लावलेलं आंगडं बारशाले नेशील तू? लेकराच्या पयल्या आंगड्याले?"

"तीट काळीच लावते न लेकराले."

"तीट गालाले. आंगड्याले नाई. तुले काय समजते." तिनं कात्री मागितली. "थे पोरगी दोनदा रिकामी झाली हाये. मी काई तिच्या लेकराच्या हाताशी काळं राहू देत नाई."

आमच्याकडे लेकराच्या बाबतीत थोरल्या बहिणीच्या वर कुणी नसतं. आणि खरं सांगायचं तर दोनदा रिकामी झाली म्हटल्यावर मीही त्या काठाकडे पाहिलं. पिवळ्यावरचं ते काळं मला एकदम काळं दिसायला लागलं. मी कात्री दिली. बहिणीनं काळ्या लोकरीचं टोक कापलं, शोधून ओढलं, आणि ते असं सरसर निघत आलं की जणू सुटायची वाटच पाहत होतं. काळा धागा तिच्या मांडीवर कुरळा होऊन पडला. बाहीचा काठ निव्वळ पिवळा.

"पाय, आता कसं सोन्यावानी दिसते," ती म्हणाली, आणि काठ सरळ आहे का बघायला दोन्ही हातांनी थोडा ताणला.

टाक्यांनी तोंडं उघडली. आधी एक सुटला. सुटला तो खाली नाही पडला, वर चढायला लागला, बाहीतून कोपराकडे, मागे शिडीसारखी मोकळी जागा ठेवत. मग त्याच्या शेजारचा. मी उतारावर भरल्या डंपरचे ब्रेक गेलेले अनुभवले आहेत. तेव्हा निदान स्टिअरिंग हातात होतं.

"हात नको लावू, हात नको लावू," मी म्हणालो. बहीण पुतळा झाली. मी सुपातली एक बांबूची कामटी उपसली, दातांनी तिचं टोक काढलं, आणि उरलेले टाके एकेक करून तिच्यावर ओवायला बसलो. प्रत्येक टाका म्हणजे डोळा मिटून बसलेला. उघडायचा, आत कामटी घालायची, पुढच्याकडे जायचं, आणि तोवर मागचा हसून निसटायचा. दुपारी सुरू केलं ते खाणीचा सायंकाळचा सुरुंग होईपर्यंत. शेवटी सगळे कामटीवर आले. वर गेलेले दोन टाके मात्र शिडी सोडून गेले ते गेलेच.

बहिणीचे डोळे वाहत होते. "मले काय मालूम भाऊ, काळ्यानं धरून ठेवलं होतं म्हणून. मी तं चांगल्यासाठी केलं."

"तुहा काई दोष नाई बाई. मले तरी कुठी मालूम होतं."

दुसऱ्या दिवशी कामटीसकट स्वेटर टोपलीत घालून चंद्रपूरला गेलो. एका ओळखीच्यानं सांगितलं होतं, तिथं एक पोरगी तसल्याच मशीनवर विणते. कामटीवरून टाका निसटू नये म्हणून बसमध्ये टोपली मांडीवर अशी धरली की शेजारच्या बाईनं विचारलं, अंडी आहेत का? मी म्हणालो, मोराची आहेत, उबवायला चाललो. ती म्हणाली, अच्छा.

पोरीनं बाही उलटसुलट करून पाहिली. समजूतदार होती.

"काका, ही बाही पुरी उसवून नवी विणून देते. रंगात थोडासा फरक पडन, बाकी कोणाले समजणार नाई."

"उसवायची नाई."

"मंग असं करू, ही मिटवलेली बाही आहे न, इचा काठ थोडा उकलून पाहू, काकूनं किती दुमडला, टाका किती ढिला ठेवला. प्रत्येकीचा हात वेगळा राहते. तसंच इकडं करून देते."

मी दोन्ही बाह्यांकडे पाहिलं. एक उसवली तर तिनं विणलेली जाणार. दुसरी उकलली तर तिनं शेवटी मिटवलेली जाणार. त्या काठातला शेवटचा टाका तिनं अडकवला, धागा तोडला, दातानं तोडायची ती, आणि मग उठून भात टाकला असेल. ते उकलून बघायचं म्हणजे काय बघायचं?

"राहू दे बेटा," मी म्हणालो.

"काका, मंग मिटवणार कसं?"

"आमच्या घरी माणसं हायेत," मी म्हणालो. इतकी लहान थाप मी आयुष्यात मारली नव्हती, आणि तीही तिनं पुरी खरी मानली.

घरी येऊन मीच बसलो. मी आयुष्यात एकच वस्तू शिवली आहे, डंपरची ताडपत्री. ती चार माणसं ओढतात तरी फाटत नाही. लोकर तुटेल म्हणून बारीक नायलॉनचा धागा घेतला. काठ आत दुमडला, कामटीवरचा एकेक टाका सुईत घेऊन आतून गुंतवत गेलो. बहीण दिवा धरल्यासारखी चष्मा धरून बसली होती, कारण तो नाकावर ठेवला की मला घाम यायचा. शेवटचा टाका अडकला तेव्हा कामटी ओढली. काही सुटलं नाही. शिडी पडली होती तिथं बहिणीनं पिवळ्या धाग्यानं रफू केलं. दोरा काढला, काठाभोवती गुंडाळून पाहिला. पहिल्या गाठीशी माप केसाएवढंही इकडे तिकडे नव्हतं. पुढे आणखी एक गाठ होती. ती मुलीनं दोरा उसवू नये म्हणून मारली असेल असं मी धरलं.

"बाई," मी म्हणालो, "हा काठ असा झाला का याले साखळी बांधून डंपर ओढला तं डंपर येईन, काठ नाई उसवणार."

"हो भाऊ," बहीण म्हणाली.

मी थांबलो. मग सुई पुडीत खोचून ठेवली.

सिरोंच्याचा रस्ता मी सांगितला तर खोटं वाटेल, आणि या एका बाबतीत मला अर्धं करायला कुणाची गरज पडलेली नाही. गोंडपिपरीपर्यंत रस्ता असतो. आष्टीपासून लोहखनिजाचे ट्रक लागतात, सूरजागडच्या डोंगरातून उतरणारे, आणि धूळ लाल होते. आपण पांढरे निघतो, लाल होतो. आलापल्लीच्या पुढे खड्डे असे की एका खड्ड्यात बस उतरली तर कंडक्टर खाली उतरून विचारतो, वर पाऊस आहे का. टोपली मांडीवर होती. वाटेत सागाची पानं गळून जंगल भकास झालेलं, आणि उन्ह पडलेलं असूनही हाडाला लागणारी थंडी. मला बरं वाटलं, सांगायला हरकत नाही. थंडी होती म्हणजे स्वेटर लागणार होता.

तिकडे तेलुगूत बारशाला 'बारसाला' म्हणतात, तेवढं एक त्यांचं आमचं जुळतं. घर माणसांनी भरलं होतं. पाळण्याला आंब्याचे डहाळे. मुलगी बारीक झाली होती. पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली, मग तिच्या सासूबाईंनी तिला उठवलं. मी टोपलीतून स्वेटर काढून दिला. तिनं तो नाकाशी नेला. लोकरीला आमच्या घरचा वास असणार, चुन्याचा.

नात बाहुलीएवढी. अर्धं करतो, बाहुलीएवढीच होती. मुलीनं तिला मांडीवर घेतलं आणि आधी मिटवलेली बाही हातात धरली. काठात तीन बोटं घालून तो फाकवला, लेकराची मूठ आतून धरली, आणि हात बाहेर आला. कळलंही नाही. काठ ताणला गेला आणि मूठ निघताच परत मनगटावर येऊन बसला, जसं कुणी दार उघडून पुन्हा ओढून घेतं. सगळ्या बाया म्हणाल्या, अय्यो, किती चांगलं.

मग माझी बाही.

मूठ काठाशी आली आणि थांबली. मुलीनं बोटं घालायला पाहिली, तिची दोन बोटंही जाईनात. तिनं लेकराची बोटं एकेक करून सरळ केली, अंगठा आत दाबला, पुन्हा पाहिलं. लेकरू रडायला लागलं. "चिन्न चेयि, चिन्न चेयि," सासूबाई म्हणत होत्या, लहानगा हात, लहानगा हात, सावकाश. काठ ताणेना. ताणणार कसा, ताडपत्रीच होती ती.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, दोऱ्याले दोन गाठी होत्या न?"

"होत्या."

"पयली मनगटाची. दुसरी मुठीची." तिनं हे माझ्याकडे न बघता सांगितलं. लहानपणी लोकांचे दोरे तीच आईला नेऊन द्यायची. "पयल्या गाठीवर बसला पायजे न् दुसऱ्या गाठीपर्यंत ताणला पायजे. आई तसाच ढिला ठेवे."

मनगट बारीक असतं आणि मूठ मोठी असते. एवढं साधं. स्टिअरिंगवर इतक्या वर्षांत दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होती.

खोलीत माणसं गप्प झाली होती, आणि गप्प खोली मला सोसत नाही. मी म्हणालो, "पाहा, मूठ पाहा पोरीची. नारळाएवढी हाये. ही कुस्ती खेळन. गोदावरीचं पाणी अडवून दाखवन एक दिवस, मग धरणाची गरज नाई."

सगळे हसले. जितकं हसायला हवं तितकंच हसले. मी मुलीकडे बघत होतो. तिच्या आईची मान थोडी तिरकी होत असे अर्धं करा म्हणायच्या आधी, आणि मुलीची मान तशी झाली. मी वाट बघितली. तिनं मान सरळ केली. "हो बाबा," ती म्हणाली. "मोठीच हाये मूठ."

कुणीतरी कात्री आणू का विचारलं, शिवण कापून हात घालता येईल. मुलीनं काठ उलटून पाहिला, आतला नायलॉनचा धागा पाहिला, आणि त्यात गुंतवलेले ते पिवळे टाके. "कापलं तं वरपर्यंत उसवन," ती म्हणाली. तिनं लेकराचा तो हात बाहीतून काढला, स्वेटरच्या आत छातीशी ठेवला, आणि वरून बटणं लावली. रिकामी बाही बाजूला लोंबत राहिली. लेकरू रडायचं थांबलं. एका हाताची नात पाळण्यात गेली, बायांनी पाळणा हलवला, आत्यानं कानात नाव सांगितलं. एका बाहीतून मूठ वर आलेली, दुसरी बाही पाळण्याच्या काठावरून खाली लोंबती, कुणी माप घेऊन येईल म्हणून ठेवल्यासारखी.

जेवणं झाल्यावर मुलगी लेकराजवळ बसली होती. मी दारातून पाहिलं. लेकराच्या मनगटावरचा तो काठ ती दोन बोटांनी जरासा ताणायची आणि सोडायची. तो परत जागेवर यायचा. ताणायची, सोडायची. मला बघून तिनं हात मागे घेतला आणि विचारलं, "बाबा, वापस केव्हा जाऊन राह्यले?" मी सांगितलं, उद्या.

थंडी संपली. मुलगी फोनवर म्हणाली की नात अंगानं भरली, स्वेटरची बटणं आता लागत नाहीत, धुऊन पेटीत ठेवला. दुसऱ्या बाहीचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

बहीण सावलीला परत गेली. मशीन आहे तिथंच आहे. कागदावरच्या धोतरावर आता एवढी धूळ आहे की हरभरा पेरता येईल. चहाच्या टपरीवर कुणी विचारतं, काका, बारसं कसं झालं? मी सांगतो. नातीची मूठ एवढी की बाही फाटली, सिरोंच्याचे पैलवान बघायला आले, नदीपलीकडून बोटीनं माणसं आली. ऐकणारे म्हणतात, वा. मी तिथं थांबतो. टपरीवाला ग्लास विसळतो. रस्त्यावरून दगडाचा एक डंपर भरून जातो आणि त्याच्या मागून एक रिकामा येतो.

"सगळ्यांनी पाहिलं," मी म्हणतो. "मूठ निघाली नाई बाहीतून."

"हो ना काका," ते म्हणतात.